सनीव्हेलचे शामान आणि सनीव्हेलचे ड्रुइड

ऑफिसातले किस्से नोकरी बदलली की विरून जातात. पण ज्या मंडळीत हसं आपलंच होतं, तिथले किस्से आपण विसरलो तरी घरचे विसरू देत नाहीत. माझ्याकडे असे किस्से साचलेत ते इथे अमेरिकेत, सनीव्हेलला, आमच्या शेजारणीच्या केल्टिक शामान मंडळातले.

केल्ट म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचे जुने लोक. शामान म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर आत्म्यांच्या दुनियेत जाऊन येणारा. शेजारीण मॉरीन ही निवृत्त नर्स, आजोळ आयर्लंडचं. दर रविवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमायचे आणि ढोल वाजायचा. मी चिप डिझाइनमध्ये. डेडलाइनच्या टेन्शनने झोप उडालेली. बायको मेधा एकदा म्हणाली, "नाहीतरी भिंतीतून ऐकू येतंच आहे. तिकडेच जाऊन बस ना."

गेलो.

*

पहिल्याच दिवशी मला डोळ्यांवर रुमाल टाकून कार्पेटवर आडवं केलं. ढोल सुरू झाला की मनाने एका झाडाच्या मुळातून खाली उतरायचं, तिथे तुमचा प्राणी भेटतो आणि पुढे आयुष्यभर तो वाट दाखवतो, असं मॉरीनने समजावलं.

नंतर सगळ्यांनी आपापला प्राणी सांगितला. एकीला लांडगा भेटला होता, एकाला बारशिंगा, एकाला डोमकावळा. माझी पाळी आली. मला म्हैस दिसली होती. मी म्हणालो, "बफेलो."

हॉलमधले सगळे एकदम आदराने माझ्याकडे बघायला लागले. एका बाईंनी छातीवर हात ठेवला. अमेरिकेत बफेलो म्हणजे माळरानावरचा तो रानटी, भव्य प्राणी. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण इंजिनिअर माणूस, स्पेसिफिकेशन चुकलेलं सहन होत नाही. मी खुलासा केला, की तो बफेलो नव्हे. ही गोठ्यातली, काळी, दुधाची.

मॉरीनने तरीही गंभीरपणे विचारलं, की ती तुला काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, रवंथ करत होती. मॉरीनने डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, तू सावकाश चावून जेवत जा.

हे मी घरी सांगितलं. मेधा म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय. आता म्हशीने सांगितलं म्हणजे ऐकशील."

*

मंडळात ग्लेन नावाचे एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. ते ड्रुइड. ड्रुइड म्हणजे त्याच केल्ट लोकांचे जुने पुरोहित आणि कवी. आता तुम्ही म्हणाल, मग मॉरीनचं आणि त्यांचं जमायला काय हरकत? हेच आम्हालाही वाटायचं.

ग्लेनचं म्हणणं, शामान हा शब्दच मुळात सायबेरियातला, तो केल्टांच्या गळ्यात कोणी बांधला? मॉरीनचं म्हणणं, जुन्या ड्रुइडांनी आपलं काहीच लिहून ठेवलं नाही, तेव्हा तुमचे विधीही नंतरच्या लोकांनीच रचलेले. ग्लेनला ढोल म्हणजे गोंगाट वाटे. मॉरीनला ग्लेनच्या कविता ऐकताना झोप येई. मला मात्र दोघंही ओळखीचे वाटायचे. एकीकडे अंगात येणं, दुसरीकडे पोथी. आपल्याकडे हे एकाच गल्लीत असतं.

एका रविवारी वाद फारच चिघळला तेव्हा दोघं माझ्याकडे वळले. तुझी परंपरा इतकी प्राचीन, तूच निवाडा कर, म्हणाले. मला धड अथर्वशीर्ष येत नाही. पण सगळे इतक्या आशेने बघत होते, की मी आवाज खोल केला आणि सांगितलं, "दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात."

त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. हे साफ चूक आहे, असं दोघंही म्हणाले.

*

ग्लेनने मग पार्कमधल्या मोठ्या ओकाखाली एक विधी ठरवला. पांढरा झगा हवा होता. मेधाने कपाटातून पांढरी चादर काढून दिली. तिथे अंगावर घेतली तेव्हा कळलं, ही गादीला घालायची, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकवाली. डोक्यावर घेतली की आपोआप टोपी व्हायची आणि मागून सुटून मानेवर सटकन बसायची. ग्लेन चार दिशांना शांती मागत होते आणि प्रत्येक दिशेला वळताना मी चादरीत थोडा थोडा गुंडाळला जात होतो. उत्तरेपर्यंत माझे हात आत गेले होते.

विधी संपल्यावर एका नव्या मुलीने दबक्या आवाजात मॉरीनला विचारलं, की हे वरच्या दर्जाचे आहेत का?

*

हिवाळ्यात पार्कात शेकोटीला बंदी, म्हणून सगळं परत मॉरीनच्या हॉलमध्ये आलं. शुद्धीसाठी ती जुनिपर नावाच्या सुगंधी झुडपाची फांदी जाळायची. ती संपली होती. मी मोठ्या उत्साहाने घरून धूप आणला आणि आपल्या सवयीने भरपूर घातला. आधी हॉलमधला अलार्म वाजला, मग सगळ्या बिल्डिंगचा. माणसं कुत्री-मांजरं घेऊन पार्किंगमध्ये उतरली. आमची मुलगी ईशाही उतरली आणि मला ओळख न दाखवता लांब उभी राहिली.

फायर ब्रिगेडचा आडदांड माणूस आत आला. ढोल, पिसं, ग्लेनचा झगा, सगळं नीट बघून त्याने विचारलं, इथला प्रमुख कोण?

हे मंडळ कोणाचं, यावरून मॉरीन आणि ग्लेन वर्षभर भांडत होते. दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

*

पुढच्या वर्षी बाबा गेले. नागपूरचं सगळं आटोपून मी आईला इकडे घेऊन आलो. ती जेवायची, ईशाच्या वेण्या घालायची, पण बाबांचा विषय निघाला की उठून आत जायची. रडली नव्हती. आम्हाला त्याचीच काळजी वाटत होती.

ऑक्टोबरच्या शेवटी केल्टांचा पितरांचा सण असतो. मॉरीन आणि ग्लेनने या एका सणासाठी भांडण बाजूला ठेवलं होतं. ढोल तिचा, शब्द त्यांचे. पार्क संध्याकाळी बंद होतो, म्हणून दुपारीच जमलो. आई म्हणाली, मीही येते. शाल गुंडाळून ती ओकाखाली फोल्डिंग खुर्चीवर बसली.

प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाला नावाने हाक मारायची आणि मग सगळ्यांनी मिळून तीच हाक द्यायची, असं ग्लेनने सांगितलं. कोणी आपल्या आईला हाक मारली, कोणी भावाला. ग्लेनने स्वतःच्या बायकोला. मी आईच्या कानात म्हटलं, तुला नको असेल तर मी हाक मारतो. तिने मान हलवली आणि खुर्चीला धरून उभी राहिली. लग्नानंतर तिने बाबांचं नाव उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. बराच वेळ ती वर फांद्यांकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली.

"अहो..."

मॉरीनने ढोलावर थाप दिली आणि सगळं मंडळ, शामान आणि ड्रुइड, पूर्ण आवाजात ओरडलं, "अहो!"

आई दचकली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मला खाली ओढून म्हणाली, "यांना सांग, परत एकदा मारा. पहिल्या हाकेला त्यांनी कधी ओ दिलेली नाही."