सांडवा आम्ही फोडला

बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. सासरी आल्यावर माझं पहिलं काम म्हणजे सरकारी दुष्काळी कामावर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकणं. नवरा पूर्णेला रेल्वेत होता, सुट्टीपुरता यायचा. घरी मी आणि सासूबाई. सकाळी भाकरी बांधून आम्ही दोघी पाट्या घेऊन निघायचो.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. ओढ्याला पूर आला की पाणी आधी आमच्या घरांत शिरायचं. माझ्या लग्नाआधी अशाच एका पुरात सासूबाईंची मागची भिंत आणि दावणीच्या शेळ्या गेल्या होत्या. तो पूर वर अडवावा म्हणून हा मातीचा तलाव. पाटी डोक्यावर घेताना त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं काम न्हाई हे. आपल्याच घराची भित घालायलोत आपण."

पाळीच्या पोटात काळी चिकण माती आणि दोन्ही अंगांनी मुरूम, असं काम चाललं होतं. थर टाकायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा. पण शेवटी पाऊस तोंडावर आला आणि वस्तीकडचा तुकडा घाईत उरकला गेला. ढेकळं तशीच आत गेली. ते सगळ्यांना दिसत होतं. पण काम बंद पडणार, उद्या खायचं काय, याचाच घोर मोठा होता.

पाळीच्या टोकाला सांडवा होता. तलाव भरला की जास्तीचं पाणी बाजूनं निघून जावं म्हणून ठेवलेली ती वाट. चांगला पाऊस पडायला लागल्यावर दोन-तीन वर्षांनी ती वाट अप्पांनी दगड-मातीनं बुजवली. अप्पा म्हणजे गावातले दुकानदार. कपाळावर भस्म, बोलणं मऊ. तलावाखाली त्यांचा मळा होता. दुष्काळात त्यांनी आपली विहीर आमच्या वस्तीला उघडी ठेवली होती, आणि सासूबाई ते विसरल्या नव्हत्या. सांडवा बुजल्यावर तलावात पाणी जास्त राहू लागलं, गावातल्या विहिरी उन्हाळाभर टिकल्या. आम्हालाही ते बरंच वाटलं. एकदा जीपमधून इंजिनियर साहेब आले, सांडवा मोकळा करा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. जीप गेली आणि सांडवा तसाच राहिला.

मग एका श्रावणात पावसानं झड लावली. मी आणि सासूबाई पाळीखाली गवत कापायला गेलो होतो. त्या घाईत भरलेल्या तुकड्याच्या पायथ्याशी माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. तिथं थोडंफार पाणी नेहमीच झिरपायचं, पण ते निवळ असायचं. आज बारीक धार लागली होती आणि रंग चहासारखा होता. सासूबाईंनी ओंजळीत पाणी धरलं, ओतून दिलं, आणि तळव्यावर राहिलेली काळी माती मला दाखवली. पाळीच्या पोटातली माती होती ती.

आम्ही तशाच अप्पांच्या दुकानी गेलो. ते छत्री घेऊन आलेही. वाकून बघितलं आणि म्हणाले, पावसाचं पाणी गढूळच असतं. सांडवा फोडून पाणी घालवलं तर चैतात तुम्हीच घागरी घेऊन दारात याल. उद्या उघडीप पडली की बघू. त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त अवघड वाटलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहार आणि टिकाव काढला, आणि वस्तीत दारोदार हिंडल्या. काही बायका आल्या. काहींनी दार लोटून घेतलं. अप्पांच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या त्या, त्यांना दोष कसा द्यावा? लेकरं आणि म्हातारी माणसं आम्ही वर शाळेत पाठवून दिली.

दुपारी आम्ही सांडवा खणायला लागलो. पाऊस तोंडावर येत होता, दगड मातीत घट्ट बसले होते. तेवढ्यात अप्पा आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते नुसते उभे राहिले.

सासूबाई पहार टेकवून म्हणाल्या, "अप्पा, ही पाळ आमी डोक्यावर माती वाहून घातलीय. ती फुटलेली बघायची न्हाई मला."

"आन् न्हाई फुटली तर?" अप्पांनी विचारलं.

सासूबाईंनी पुन्हा पहार मारली. थोड्या वेळानं अप्पाच म्हणाले, "बाई, समोर उभ्या राहू नका. कडेला व्हा, पाणी पाय उचलंल." त्यानंतर ते गेले.

शेवटचा दगड सुटला तेव्हा पाण्याचा असा लोट निघाला की आम्ही एकमेकींचे दंड धरून मागं सरकलो. ते पाणी सांडव्याखालच्या माझ्या चुलत दिराच्या रानातून गेलं. त्याची ज्वारी आमच्या डोळ्यांदेखत आडवी झाली. तलाव हळूहळू उतरला, पायथ्याची धार बारीक झाली आणि दुसऱ्या दिवशी निवळली. पाळ उभी राहिली. वस्तीत पाणी आलं नाही.

आणि तिथंच आमची पंचाईत झाली. फुटली नाही, म्हणजे फुटणारच नव्हती, असं गाव म्हणू लागलं. विहिरी त्या उन्हाळ्यात लवकर आटल्या. पाणवठ्यावर बायका आम्हाला ऐकू जाईल असं बोलायच्या. अप्पांनी विहीर बंद केली नाही, पण मळ्यात कामाला आम्हाला बोलावणं येईना. दीर वर्षभर आमच्या उंबऱ्याला आला नाही. त्याची बायको त्या दिवशी आमच्याबरोबर खणत होती, तरीही.

नवऱ्यानं एकदा आईला सरळच विचारलं, खरंच फुटली असती का? सासूबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मला काय ठाव? माती हातात आली, एवढं मी बघितलं."

पुढं नवऱ्याला क्वार्टर मिळालं आणि मी पूर्णेला आले. सासूबाईंनी घर सोडलं नाही. गावानं सांडवा पुन्हा बुजवला होता, फक्त या वेळी भराव थोडा ठेंगणा ठेवला. पावसाळ्यात गावाकडचं कुणी गाडीनं आलं, तर त्याला बस म्हणायच्या आधी मी तलावाचं विचारायची. ते हसायचे, म्हणायचे, अजून हाय की.