गोळी चालू, विमान बंद

गोंदियात विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत उड्डाणांचं रोस्टर लावायचं काम केलं की किस्से आपोआप साठतात. आमचे निम्मे तर एकट्या बिसेन कॅप्टनचे!

*

बिसेन कॅप्टन आमचे मोठे इन्स्ट्रक्टर, गोंदियाचेच. उड्डाण झालं की एक सिगारेट, नाही झालं तर दोन! शेवटी खोकल्याला कंटाळून त्यांनी सिगारेट सोडायच्या गोळ्या लिहून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, "या चालू असेपर्यंत विमान बंद."

"म्हणजे ओढून राहिलो तर उडायचं, अन् सोडून राहिलो तर बसायचं?"

"नियम मी नाही केले!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच रोस्टरमधून नाव काढायला सांगितलं. उडणं म्हणजे त्यांचा जीव. मला खरंच वाईट वाटलं.

*

आमच्या पटले मेकॅनिकची आई घरी बिड्या वळते. लेकाचा डबा द्यायला आली आणि तिनं कॅप्टनलाच गाठलं. "काऊन जी साहेब, शिकलेले लोकच सोडून राहिले त आमी खावाचं काय?"

"माय, मी बिडी नाही, सिगारेट सोडून राहिलो."

"मंग ठीक हाये. बिडी चालू ठेवा!"

*

उडायचं नसलं तरी कॅप्टन रोज सकाळी युनिफॉर्ममध्ये येत आणि उड्डाणाआधीच्या दारूच्या तपासणीच्या मशीनमध्ये फुंकर मारत.

"सर, तुमचं तर उड्डाणच नाही!"

"एका वेळी एकच सवय सोडतो बाबा!"

*

जमिनीवरचा कॅप्टन फार वाईट. विद्यार्थ्यांना दिवसभर थिअरी, रोज टेस्ट! तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या ड्रॉवरमध्ये सिगारेटचं कोरं पाकीट निघालं. सोबत चिठ्ठी होती: 'सर, एकच ओढा. आमच्यासाठी.'

कॅप्टननी दुसऱ्या दिवशी दोन टेस्ट घेतल्या.

*

कोर्स संपला, तपासण्या झाल्या, फिटचा कागद आला. सिगारेट सुटलेली आणि विमान परत! कॅप्टनचे डोळे भरून आले. पेढे घेऊन मला स्कूटरवर घरी नेलं. "ऐकलं का, गोळ्यांनी कमाल केली!"

वहिनींनी पेढा तोंडात टाकला आणि कपाटातून त्याच गोळ्यांचे डबे आणून टेबलावर मांडले. सगळे सीलबंद.

कॅप्टननी एकेक डबा उलटून पाहिला. "मग रोज हातावर देऊन राहिली होती, ते काय?"

"माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या."

"अन् मी इतके दिवस उगाच जमिनीवर? सांगितलं काऊन नाही?"

वहिनींनी नव्या रंगाच्या भिंतीवरून हात फिरवला. "रविवारी तुम्ही उडायला गेले असते, तर हे घर कोणी रंगवलं असतं?"