सहा बाइट कुणी खाल्ले?

वाळत घातलेल्या कपड्यांचा एक चिमटा हरवला तरी शेजाऱ्यांकडे चौकशीला जाणारे आमचे मामा घरी बसून वॉशिंग मशीनच्या चिपसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितात. कपड्यांच्या दर प्रकाराची एक नोंद: प्रकाराला एक बाइट, वेळेला चार, तापमानाला एक. बेरीज सहा. प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणाला, बारा! नोंदी चिपमध्ये मावेनात. साहेबांनी तर बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत बसवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

"सहा बाइट खाल्ले कुणी?" मामांनी स्क्रीनला जाब विचारला. शेवटी त्यांनी जाडजूड माहितीपुस्तिका काढली. तेव्हा कळलं, चार बाइटांचा ऐवज शून्य, चार, आठ अशा चारच्या पाढ्यातल्या जागेवरच बसतो. त्याच्या आधी एकटा किडमिडा बाइट आला, तर मधल्या तीन जागा रिकाम्या. पुढची नोंदही पाढ्यातच सुरू व्हावी म्हणून शेवटच्या बाइटामागेही तीन रिकाम्या.

"अगदी आपल्या व्याह्यांसारखं!" मामी म्हणाल्या. "अहो, मग त्यांनाच आधी बसवा. आपली बारकी माणसं मागे कोपऱ्यात मावतात."

मामांनी वेळेचे चार बाइट पुढे घेतले, दोन्ही बारके बाइट मागे ढकलले. आकडा आला आठ. सगळ्या नोंदी चिपमध्ये बसल्या!

मामांनी लगेच साहेबांना फोन लावला.

"बसलं ना? शाब्बास! आता आराम करा."

"आराम कसला साहेब? दोन बाइट अजून बेपत्ता आहेत!"