चार बोटांचं माप

भोरच्या एसटी डेपोजवळ आमचं टायरचं दुकान होतं. दुकान वडिलांचं, म्हणजे आबांचं, आणि मी त्यांच्या हाताखाली. पंचविशीतला होतो, आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं. आबांना तसं कधी वाटलं नाही.

बहात्तरच्या आगेमागे रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदारानं पुण्याहून दोनच माणसं बसतील अशी बुटकी मोटार आणली. असल्या गाड्या शर्यतीत पळवतात म्हणे. आमच्या रस्त्यांवर बैलगाडीचा आस मोडायचा, तिथं हा कुणाशी शर्यत लावणार होता देव जाणे. तिची तारांची चाकं काढून त्यानं जुन्या बाजारातली रुंद चाकं आणली आणि त्यांवर चांगले फुगीर टायर पाहिजेत म्हणाला. ती मोटार चालवायला माझे दाजी होते, थोरल्या आक्काचे यजमान.

चाक पंधरा इंची. त्याला पाच-साठचा, म्हणजे ५.६० इंच रुंदीचा, टायर बरोबर बसला असता, पण तो पुण्याहून मागवावा लागायचा. पाच-नव्वदचा अँबॅसिडरला लागतो म्हणून आमच्याकडं कायम असे. चाकावर दोन्ही चढतात, पण पाच-नव्वदचा पोटाला जाड आणि उंचीलाही जास्त. असला परका टायर चढवला की आबांचा एक नियम होता. गाडीत माणसं बसवायची, चाक पुरतं वळवायचं आणि टायर नि मडगार्डच्या मधे हात घालायचा. चार बोटं आडवी गेली तर ठेवायचा, नाही तर उतरवायचा.

त्या दिवशी आबा किकवीला लग्नाला गेले होते. मी नियम मोडला नाही, हे मुद्दाम सांगतो. दाजी आणि ठेकेदार गाडीत बसले, दाजींनी चाक वळवलं, मी हात घातला. चार बोटं गेली, अगदी घासून.

"जातंय," मी म्हणालो.

"मेव्हण्यानं बघितलं म्हंजी झालं," दाजी हसून म्हणाले.

तीन दिवसांनी वेल्ह्याकडच्या उतारावर, ऐन वळणात, गाडी खड्ड्यात दबली आणि मडगार्डच्या कडेनं टायर चिरला. गाडी खाली दरीत गेली. दाजी जागीच गेले.

आबांनी तो फाटका टायर फिरवून फिरवून पाहिला. मग माझा हात ओढून त्यावर आपला पंजा ठेवला. जन्मभर टायर उतरवायच्या पहारी मारून सुजल्यागत झालेली त्यांची बोटं. माझी चार त्यांच्या तीन बोटांखाली झाकली गेली. नियम त्यांच्या बोटांचा होता, आणि हे आम्हा दोघांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

आक्कानं एकच विचारलं, "माप कुणी घेतलं?"

"म्या," आबा म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट दाबलं. नंतर दुकानात मला म्हणाले, "म्या आज हाय, उद्या न्हाई. तिला म्हायेर ऱ्हायलं तर तुझ्याकडंच ऱ्हाईल. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

आक्का गुंजवण्याला सासरीच राहिली. तिनं भोरला येणं सोडलं, आबांचं नाव टाकलं. चार वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. तिला एकदा बघायचंय म्हणाले, म्हणून मी आणायला गेलो. ती भाताच्या खाचरात लावणी करत होती.

"त्येंचं त्वांड बघायचं न्हाई मला," ती म्हणाली. "तू आलाईस, भाकर खाऊन जा."

तिथं एक वाक्य बोललो असतो तर ती चिखलाच्या पायांनी माझ्याबरोबर एसटीत बसली असती. मी भाकरी खाल्ली आणि परत आलो. लावणी उरकली की येते म्हणाली, असं आबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. लावणी उरकायच्या आत ते गेले. मातीलाही ती आली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला मात्र आली. भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडं पाठ करून बसली आणि मला ओवाळलं. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आबांनी माझं वाटुळं केलं," ती म्हणाली. "तू हाईस म्हनून मला म्हायेर हाय."

मी "व्हय" म्हणालो.