आक्काच्या माहेरचं कासव

कोणी परका माणूस अंगणात आला की आक्का आधी पदर डोक्यावर घ्यायची आणि मग बोलायची. सत्तरी जवळ आलेली बाई, पण सवय ती सवय. फक्त कासवाजवळ बसताना तिचा पदर खांद्यावर यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ह्याच्याफुडं कशाला पदर? हे माझ्या माहेरचं हाय."

मी तेव्हा राहुरीजवळच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा पर्यवेक्षक. पण आक्काने पहिल्याच भेटीत मला डॉक्टर करून टाकलं आणि खोटं कशाला सांगू, मीही फार विरोध केला नाही. तिच्या म्हशीला इंजेक्शन द्यायला गेलो होतो. म्हैस उरकली तशी ती गोठ्यामागून एक कासव उचलून घेऊन आली. उपड्या पातेल्याएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या.

"ह्याचं वय किती आसंल, डाक्टर?"

"तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"माझ्या लग्नापासून. माझ्यासंगटच आलं."

आक्काचं गाव मुळा धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठलं त्याच वर्षी तिचं लग्न झालं. बापाने घराचे वासे आणि दारं बैलगाडीत भरली, लेकीने बांधावरचं कासव उचललं. नव्या जागी बापाने दोन वर्षंही काढली नाहीत, आई त्याच्या मागोमाग गेली. भाऊ नव्हताच. भावकी चार तालुक्यांत पांगली. गावातल्या इतर बाया दिवाळीला माहेरी जायच्या. आक्काचं माहेर गोठ्यामागे मेथी खात असायचं.

तिचे मालक, म्हणजे आमचे तात्या, कासवाला 'मेव्हणे' म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी ही एकच थट्टा पुरवून पुरवून वापरली. "मेव्हण्यांचं जेवान झालं का? मग आमाला वाढा." आणि खरोखरच घोळाच्या भाजीचा पहिला, निवडलेला भाग कासवाला जायचा, उरलेली तात्यांच्या ताटात.

एका भाऊबीजेला मी नेमका हजर होतो. पाटाभोवती रांगोळी, पाटावर कासव, समोर आक्का तबक घेऊन. निरांजन जवळ आलं की कासव मान आत घ्यायचं. आक्का थांबायची. ते हळूच डोकावलं की ही पुढे सरकायची, की ते परत आत. असं पाऊण तास चाललं, वात दोनदा विझली. तात्या खांबाला टेकून म्हणाले, "डाक्टर, आमचं मेव्हणं हात लई आखडता घेत्यात बघा." आक्काने हसू दाबलं, पण औक्षण पुरं केल्याशिवाय कोणाला जेवायला वाढलं नाही.

सरकारी नोकर म्हणून मी एकदा तिला समज दिली. "आक्का, कासव पाळायला कायद्याने बंदी आहे."

"मी कुटं पाळलंय? माहेरच्या मानसाला कोन पाळतं का?"

माहेरच्या माणसाला लावायचं कलम कायद्यात नव्हतं. मी चहा पिऊन निघून आलो.

मग एका हिवाळ्यात सकाळी सकाळी तिचा फोन आला, लगेच या. गेलो तर सीताफळाखाली उकरलेला खड्डा आणि त्यात चार पांढरी अंडी. मी कासव उलटं केलं. पोट सपाट, शेपूट आखूड. इतकी वर्षं हाताळत होतो, पण मी पडलो गाई-म्हशींचा माणूस, कधी बघितलंच नव्हतं.

"आक्का, ही मादी आहे."

पन्नासेक भाऊबिजा अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी तात्या म्हणाले, "म्हंजे मेव्हनी?" आणि टोपी नीट करून सरळ बसले. आक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले.

ती मात्र कासवाच्या पाठीवरून हात फिरवत बसली. "म्हंजे माझ्यावानीच की," ती म्हणाली. "हिला बी कुनी इचारलं न्हाई, यायचं का म्हनून."

अंडी नराशिवायची, त्यातून काही निघालं नाही. पण तेव्हापासून आक्काला घोर लागला. तिचं हृदय कुरकुरत होतं, गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते. मुलगा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. आपल्यामागे हिचं कोण, हे आता ठरवायलाच हवं होतं. आणि बाईमाणूस म्हटल्यावर ते एकाच पद्धतीने ठरतं. आक्काने कासवासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. मध्यस्थ अर्थातच मी.

पहिलं स्थळ तिच्या भाचसुनेचं. तिथे कुत्रं निघालं. दुसरं एका मास्तरांचं, सगळ्या अंगणाला चकचकीत फरशी. "हितं काय खाईल ती? फरशी?" तिसऱ्या वस्तीवर ट्रॅक्टर मागे घेताना कोणी वळून बघत नाही, हे तिने दारातच हेरलं. चहा घेतला नाही.

मग ती माझ्या घरी आली. माझ्या बायकोने पोहे केले. आक्काने परसातली माती चिमटीत घेऊन पाहिली, कुंपण हलवून पाहिलं, पाण्याचा नळ विचारला. मला आशा वाटू लागली. ओशाळं वाटतं सांगायला, पण मी त्या दिवशी दाढीही केली होती.

"डाक्टर, तुमचं वय काय?"

"सत्तावन्न."

"मग तुमच्यामागं हिनं कुनाकडं बघायचं?" असं म्हणून तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. आयुष्यात बऱ्याच ठिकाणी नापास झालो, पण हे फार लागलं.

शेवटी मीच वनखात्याच्या केंद्राचं नाव काढलं. एसटीने दोन तासांचा रस्ता. म्हटलं, "आक्का, सरकार काही म्हातारं होत नाही." ती बघायला तयार झाली. तिथे एक तरुण वनरक्षक होता. आक्काने त्याचं वय विचारलं, गाव विचारलं, तंबाखू खातो का विचारलं. तो "न्हाई" म्हणाला आणि तोंडात जे काही होतं ते त्याने गिळून टाकलं. आत माती होती, झाडं होती, सावलीत सहा-सात कासवं चरत होती. आक्का कुंपणाशी तासभर बसली. मग म्हणाली, "मानसं बरी दिसत्यात. देऊ."

चैत्रात पाठवणी झाली. आक्काने हळदीकुंकू वाहिलं, ओटीत तांदळाऐवजी मेथीची जुडी घातली. वनरक्षकाने वहीत 'स्वखुशीने जमा' असं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. परतीच्या एसटीत ती राहुरीपर्यंत मोकळेपणी रडली. कंडक्टरने हळूच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "लेक सासरी घातली." त्याने मान हलवली आणि तो पुढच्या सीटकडे गेला.

मग दर महिन्याला तिची फेरी सुरू झाली. कासवाला घोळाची भाजी आणि त्या पोराला बाजरीची भाकरी न् ठेचा. तो कुंपणाजवळ तिच्यासाठी स्टूल ठेवायचा. ती तासन्‌तास त्याला बुडालेलं गाव सांगत बसायची. कुणाचं घर कुठे होतं, पाणवठा कुठे होता.

पुढच्या वर्षी ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत आक्का गेली. झोपेतच गेली. मी सकाळी ज्यांना ज्यांना फोन केले त्यात त्या वनरक्षकालाही केला. तो "बरं" एवढंच म्हणाला.

दुपारी अंगण माणसांनी भरलं. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की शेवटची हिरवी साडी माहेरची लागते. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे विचारलं, "माहेरची साडी आली का?" सगळ्यांना ठाऊक होतं, माहेरी कोणी नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी तरी म्हणालं, दुकानातून आणा एखादी, उशीर होतोय. तात्या भिंतीशी बसले होते. म्हणाले, "दुकानातली नको. तिच्या अंगावरची हाय तीच ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. तो पोरगा होता, खाकी वर्दीत, धुळीने भरलेला. हातात पिशवी. त्याने चपला काढल्या, पिशवीतून हिरवी साडी बाहेर काढली आणि ती दोन्ही हातांवर धरून तो उभा राहिला.

म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी कोन?"

"माहेरकडून आलोय," तो म्हणाला.

तात्या भिंतीचा आधार घेत उठले आणि त्यांनी त्याला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली. बायकांनी साडी आत नेली.