वरच्या मजल्याच्या सळया

सुशांतची आणि माझी ओळख गणपतीच्या मखरामुळे झाली. माझी मुलगी अनघा आणि जावई राजीव जपानमध्ये, तोयोसुत नोकरी करतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले. इथल्या मंडळाने गणपतीसाठी हॉल भाड्याने घेतला होता. तिथे मखर बांधायला योकोहामाहून एक सडपातळ मुलगा आला. मी शिक्षिका होते हे कळताच त्याने वाकून नमस्कार केला आणि मला ‘बाई’ म्हणू लागला. पुढे महिन्यातून एखाद्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. आमटी वाढली की आधी नुसता वास घ्यायचा.

तो बार्शीचा. वडील मोहन गवंडीकाम करत आले, पुढे स्वतःच्या सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबचा साचा बांधायच्या लोखंडी प्लेटा घेऊन स्लॅब टाकायची लहानसहान कामं घेऊ लागले. मुलाने साहेब व्हावं म्हणून त्यांनी राहतं घर पतसंस्थेकडे तारण ठेवलं आणि त्याला जपानला पाठवलं. आधी भाषा, मग बांधकाम तंत्रज्ञानाचा दोन वर्षांचा कोर्स. शिकताना तो संध्याकाळी कोंबिनीत, म्हणजे इथल्या अष्टौप्रहर उघड्या दुकानात, काम करायचा. त्यात खोलीचं भाडं निघे. कर्ज तसंच राही.

त्या घराबद्दल मात्र तो हरखून बोलायचा. गच्चीवर खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या, वरचा मजला कधीतरी चढवायचा म्हणून. गंजू नयेत म्हणून दर दिवाळीआधी वडील त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे.

“अप्पांनी सगळ्या बार्शीत लोकांच्या घरांवर मजले चढवले, बाई. आमच्या सळया तेवढ्या आभाळाकडं बघत बसल्यात.”

“मग आता तू चढव की.”

“मी नाही. अप्पाच चढवणार. दुसऱ्याच्या हातचा स्लॅब मला नको म्हणतात. पण त्यांची कंबर गेलीय. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलंय. ते म्हणतात, अजून दोन-तीन वर्षं कसाबसा उभा राहीन, तेवढ्यात काय ते उरक.”

तेव्हापासून मी त्याच्याकडे बघे ती याच हिशेबाने. घर सुटायला हवं, तेही अप्पा उभे आहेत तोवर.

कोर्स संपला आणि एप्रिलमध्ये त्याला योकोहामात साइटवर नोकरी लागली. सुपरवायझरच्या हाताखालचं काम. त्यातलं एक काम मला फार आवडलं. काँक्रीट ओतायच्या आधी सळयांची बांधणी पुरी झाली की तिथे एक छोटा फळा धरून फोटो काढायचा. फळ्यावर तीन गोष्टी: काम, जागा, स्थिती.

“एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही,” तो म्हणाला. “म्हणून झाकायच्या आधी फोटो. नाहीतर केलेलं काम केलंच नाही असं धरतात.”

अप्पांना हे काम कळावं म्हणून आपल्या खोलीच्या भिंतीचा, बागेतल्या पायरीचा, असल्या कशाकशाचा फळ्यासकट फोटो काढून तो त्यांना पाठवी. एकदा आमच्याच ओट्यावर वाटी ठेवून, शेजारी कागदावर ‘काम: आमटी. स्थिती: संपली’ असं लिहून पाठवला. तिकडून फोन आला.

“काय साहेब, आमच्या सूनबाईचा पत्ता न्हाई आन् आमटीचं फोटो?”

“अप्पा, बाई ऐकतायत!”

“ऐकू दे की. बाई, तुमीच बघा एखादी. पोरगं नुसतं सळया मोजतंय.”

पहिला पूर्ण पगार हातात आला तेव्हा तो मिठाई घेऊन आला. पतसंस्थेला सांगून त्याने हप्ता जवळजवळ दुप्पट करून घेतला होता. पाच वर्षांचं कर्ज अडीच वर्षांत फिटणार होतं. “तिसऱ्या दिवाळीला स्लॅब,” तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि एकानेही एक साधी गोष्ट सांगितली नाही.

ती कळली पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. पगाराची पावती राजीवपुढे ठेवून तो म्हणाला, “दादा, माझं काही चुकलं का? पैसे कमी आलेत.”

राजीवने कपाळाला हात लावला. “अरे, रहिवासी कर. इथे तो आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी कापत नाहीत. दुसऱ्या जूनपासून सुरू. आम्हीही असेच गडबडलो होतो. आमच्या डोक्यावर कर्ज नव्हतं एवढंच.”

त्यातच येन घसरत चालला होता. इथून तेवढेच पाठवले तरी बार्शीत कमी पोचत. बोनसही नावापुरता मिळाला.

“हप्ता परत कमी करून घे,” मी म्हटलं.

“कमी करायला अप्पांची सही लागते, घर त्यांच्या नावावर आहे. त्यांना सांगावं लागेल.”

“मग सांग.”

त्याने पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मी थोडे पैसे देऊ केले, सवडीने फेड म्हटलं. त्याने मान हलवली. “नको बाई. तुमच्याकडं जेवायला येतो ना, तेवढी एक जागा बिनकर्जाची राहू दे.”

नंतर तो येईनासा झाला. योकोहामाहून यायचं भाडं वाचवत होता, हे मला पुढे कळलं. उन्हाळ्यानंतरचे दोन हप्ते चुकले आणि पतसंस्थेचा माणूस बार्शीच्या घरी जाऊन आला. अप्पांनी मुलाला फोनवर त्यातलं काहीच विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारत राहिले.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या रविवारी तो दारात उभा होता. मी ताट वाढलं. त्याने घास न घेता फोन माझ्यापुढे धरला.

फोटोत अप्पा गच्चीवर उभे होते. धुतलेला सदरा, एक हात कमरेवर. दुसऱ्या हातात शाळेतली दगडी पाटी, तिच्यावर खडूने मोठी, तिरकी अक्षरं: ‘काम: वरचा मजला. जागा: आपलं घर. स्थिती: झालं.’ मागे खांबांवर एकही सळई नव्हती. बुंध्याशी कापून वर गुळगुळीत गिलावा केला होता. भिंतीशी, सुशांतच्या जुन्या फोटोंत जिथे सेंट्रिंगच्या प्लेटांची चळत असायची, तिथे मोकळी, फिकी जागा होती.

“प्लेटा विकल्या,” सुशांत म्हणाला. “चुकलेले हप्ते भरले. फोन केला तर म्हणतात, त्या सळयांतनं पाणी मुरत हुतं, बंद करून टाकलं. आता तुला घाई न्हाई, सावकाश फेड. आणि विचारतात, पाटी नीट दिसतीया न्हवं?”

“तू काय म्हणालास?”

“दिसते म्हटलं.”

मी शिक्षिका, काहीतरी धीराचं बोलायची सवय. म्हटलं, “सळया पुन्हा बसवता येत असतील की.”

“येतात बाई. भोकं पाडून बसवतात, मी रोज बघतो. मजला होईलही कधी.” त्याने ताट जरा बाजूला सारलं. “पण तो अप्पा नाही चढवणार.”

ताटातली आमटी निवत होती. तो अजून फोटोच बघत होता. “गिलावा बाकी झकास केलाय,” तो म्हणाला. “आम्ही झाकायच्या आधी फोटो काढतो, बाई. अप्पांनी झाकल्यावर काढला.”

मग दोन बोटांनी तो फोटो मोठा करत राहिला, एकेका खांबाजवळ नेत, त्या गुळगुळीत गिलाव्यात सळयांच्या जागा शोधत.