जरीची माशी

दुबईच्या बर दुबई भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधला तो माणूस दरवर्षी रजा काढून स्कॉटलंडला जायचा, नदीकाठच्या लॉजवर, सॅमन मासा धरायला. दिवसभर कंबरभर गार पाण्यात उभा राहायचा आणि रिकाम्या हातांनी परत यायचा. एरवी संध्याकाळी आमच्या गच्चीवर गळाची काठी झुलवून दोरी लांब फेकायचा सराव करायचा. एकदा वाळत घातलेला माझा परकर त्यात अडकला. "सॉरी आजी, वारा फिरला," म्हणाला.

मासा फसावा म्हणून गळाला तो पिसांची खोटी माशी बांधायचा. एका वर्षी त्या माशीला गुंडाळायला माझ्या फाटक्या शालूची जर मागायला आला.

"या वेळी लागणार, इन्शाल्ला. बर्फात घालून तुमच्यासाठी आणतो."

मी मालवणची. तो यायच्या दिवशी खोबरं-मिरची वाटून ठेवली.

तो आला तो हात हलवत, पण चेहरा उजळलेला.

"लागला आजी, तुमच्याच जरीला. हातभर लांब."

"मग कुठाय?"

"सोडला. मादी होती, पोटात अंडी होती."

"म्हणजे गाबोळीसकट सोडलास?"

तो हसला नाही. बॅग दारातच ठेवून, दमलेल्या मादीला पाण्यात दोन्ही हातांनी कसं धरलं, ती आपणहून पोहेपर्यंत कसा थांबला, ते करून दाखवत राहिला.

इतकी वर्षं वाट पाहून हाती आलेला मासा कोणी सोडतं का, ते मला आजही कळलेलं नाही. वाटण मी कोळंबीत संपवलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा जर मागायला आला. मी वाटण केलं नाही. शालूचा चांगला राहिलेला काठ मात्र कापून दिला.